गुलाबाला केळीची रीत

एकोणीसशे अडतीसचं साल. तापीबाईला दारात गुलाब हवा होता. या घरात तिची वीस वर्षं गेली, पण अंगणापासून तापी नदीच्या काठापर्यंत जे काही उगवायचं ते नवऱ्याच्या मर्जीनं: कापूस, केळी, ऊस. आपल्या हौसेचं एक तरी झाड असावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं बाईला रडकुंडीला आणलं होतं!

पहिल्यांदा खापरच्या बाजारातून चार रोपं आणली. महिन्यानं उपटून बघते, तर एकालाही मूळ नाही. मेल्यानं नुसत्या काड्या मातीच्या गोळ्यात खुपसून विकल्या होत्या. दुसऱ्या खेपेला शेजारणीच्या शेळीनं फडशा पाडला. तिसऱ्यांदा मात्र तापीबाईनं साठवलेलं तूप विकलं आणि नंदुरबारच्या बाजारात चिंचपाड्याच्या दावीदला गाठलं. दावीद कलमं बांधण्यात वाकबगार. त्यानं रोपाच्या बुडाजवळची कलमाची गाठ दाखवून बजावलं, "मावशी, गुलाब या गाठीच्या वर. खाली फुटेल तो रानटी. दिसला की मोडायचा."

तिनं ते नेमानं केलं. पाच महिन्यांनी फूल आलं, लालभडक, वासाचं. दिवसभर डोक्यात मिरवलं. मग भाच्याच्या लग्नासाठी ती महिनाभर माहेरी गेली. जाताना नवऱ्याला, रतिलालला, म्हणाली, "पानी तेवढं घाला." गाठीचं सांगायचं राहूनच गेलं.

परत येऊन बघते तर दारात हा लांबलचक हिरवा फोक, नुसते काटेच काटे!

रतिलाल फुशारून म्हणाला, "देख, कसा जोर धरी ऱ्हायना!"

"मन्हा गुलाब कोठे शे?"

"तेन्हं फूल होई गयं ना! बुडाशी पील फुटनं, मंग माय कापी टाकी."

केळीचा घड उतरला की आई तोडायची आणि पिलावर बाग चालवायची, ही त्याची जन्माची रीत; तीच त्यानं गुलाबाला लावली. माणूस वाईट नव्हता हो, पण असल्या शहाणपणाला काय आग लावायची?

तापीबाई त्या फोकाच्या बुडाशी जाऊन बसली. मग तिनं गाठ, रानटी फुटवा, दावीदचं बजावणं, सगळं एका दमात सुनावलं. रतिलालचं तोंड उतरलं.

"पुढला बजारले मी दुसरं लई येसू," तो पुटपुटला.

"राहू द्या. मीच लई येसू," ती म्हणाली. "तुम्ही फक्त हात लावू नका."