करडाची हजामत

आमच्या सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या, केस कापले. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले आणि आमच्या घराला ताप सुरू झाला. कात्रीची सवय लागलेले हात, ते गप्प कसे बसणार? माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर आधीच टक्कल पडायला लागलेलं, आणि माझी वेणी मी त्यांच्या आसपाससुद्धा फिरकू देत नव्हते. शेवटी त्यांनी कुंपणाच्या झुडपांना फणी लावून मध्यम कट मारला.

घराच्या मागे एवढंसं परस. एका भिंतीला खुराडं, दुसरीला शेळीचा आडोसा, मधे कपड्यांची दोरी. तिथे सासूबाईंचं राज्य. त्या नुसत्या खाकरल्या तरी कोंबड्या पायाशी गोळा होतात. शेळीला आम्ही मास्तरीणबाई म्हणतो, कारण ती माणसाकडे मान तिरकी करून असं बघते की आपलं काहीतरी चुकलंच असावं असं वाटतं. या दरबारात बाबा, म्हणजे आमचे सासरे, एकदाच घुसले आणि मानेवर फार वाढलंय म्हणून कोंबड्याची पिसं छाटून आले. कोंबडा आठवडाभर आरवला नाही. त्यानंतर सासूबाईंचा हुकूम निघाला, "दारातून बघायचं. पाऊल बाहेर टाकायचं नाही."

तेव्हापासून बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, या घरात कोंबडीलाही काम आहे गं." मी हसून वेळ मारून नेली, पण मला फार वाईट वाटलं.

मास्तरीणबाई व्यायली. दोन करडं झाली. एक काळं, तुळतुळीत. दुसरं पांढरं, पण त्याच्या अंगावरच्या केसांच्या अशा चिकट गाठी झालेल्या की बघवत नव्हतं. निदान बाबांना तरी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासूबाई भुसा आणायला बाहेर पडल्या, मी पोळ्यांना बसले, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात पोळीच्या वासाऐवजी दुकानाचा वास यायला लागला.

धावत बाहेर गेले. पालथ्या बादलीवर पांढरं करडू उभं, गळ्याभोवती दुकानातलं पांढरं कापड. कोमट पाण्याने आंघोळ झालेली, गाठी कापलेल्या, अंगाला लोशन, वरून पावडर. बाबा ब्रशने त्याची मान झटकत होते.

"बघ, कसा राजबिंडा दिसतोय!"

दिसत होता, खोटं कशाला बोलू. पण शेळीला तो आपला वाटला नाही. करडू दुधासाठी पळत गेलं, मास्तरीणबाईने त्याला हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि डोक्याने असं ढकललं की ते भिंतीपाशी जाऊन पडलं. पुन्हा गेलं, पुन्हा ढकललं. काळ्याला मात्र प्रेमाने चाटत होती.

सासूबाई आल्या. हे कुणी केलं, असं विचारायची गरजच नव्हती, करडाच्या मानेमागे सरळ रेघ मारलेली होती.

"अहो, शेळी पिल्लाला वासाने ओळखते! तुम्ही त्याचा वासच काढून टाकलात!"

"पुसून टाकू की."

"मग पुसा!"

ओल्या फडक्याने पुसलं, राख चोळली. वास जाईना. "आपलं लोशन तीन दिवस टिकतं," बाबा म्हणाले. अभिमान दाखवायची ही वेळ नव्हे हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. शेळीचंच दूध काढून करडाच्या पाठीला लावलं, तरी लाथ. बाटली तोंडाला लावली तर ते जबडा घट्ट मिटून घ्यायचं आणि दूध हनुवटीवरून ओघळायचं. सकाळपर्यंत त्याचे पाय लटपटायला लागले. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन भुशाच्या पोत्यावर बसल्या आणि चक्क रडायला लागल्या. या बाईला मी विंचू चावल्यावरही रडताना पाहिलेलं नाही.

बाबा आत गेले. मला वाटलं, लाजेने तोंड लपवायला गेले. ते बाहेर आले ते दुकानातला पांढरा कोट घालून, हातात लोशनची बाटली आणि पावडरचा डबा. हुकूम मोडून थेट परसात.

"आता काय शेळीची दाढी करताय?" सासूबाई कडाडल्या.

"शिंगं धर."

"काय?"

"धर गं. तिला याचा वास परका वाटतो ना? मग काळ्यालाही हाच वास, आणि तिच्या नाकालाही हाच. सगळीकडे एकच वास आला तर कुणाला परकं म्हणेल?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि शिंगं धरली. बाबांनी काळ्याला लोशन चोळलं, पावडर थापली. मग मास्तरीणबाईची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, जशी आयुष्यभर गिऱ्हाइकांची उचलली तशी, आणि "हलू नका हं" म्हणत नाकाला अलगद लोशन लावलं. तिने एकामागून एक अशा शिंका दिल्या की कोंबड्या खुराड्यात पळाल्या.

सासूबाईंनी शिंगं सोडली. शेळीने काळ्याला हुंगलं. पांढऱ्याला हुंगलं. पुन्हा काळ्याला. तिचा गोंधळ तिच्या तोंडावर दिसत होता. मी पांढऱ्याला उचलून कासेखाली उभं केलं आणि लाथेच्या भीतीने डोळे मिटले. लाथ बसलीच नाही. डोळे उघडले तेव्हा करडाची शेपटी थरथरत होती आणि चुरूचुरू दूध पिण्याचा आवाज येत होता.

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं, कोटावर सांडलेली पावडर झटकली आणि बाबांकडे न बघताच म्हणाल्या, "ती नाक चाटत राहणार, दुपारपर्यंत वास उडेल तिच्या नाकाचा. परत लावावं लागेल. उद्याही लागेल."

दुकान सोडल्यापासून बाबांची कुणी वाट पाहिली नव्हती. त्यांनी लोशनच्या बाटलीला बूच लावलं आणि विचारलं, "कधी येऊ?"

"जेवणं झाली की या," सासूबाई म्हणाल्या. "आणि ती कात्री घरात ठेवून या."