घडीच्या टेबलावरची मालिका

आमच्या आत्याला दोन गोष्टी झकास जमतात: चादरीची घडी आणि कोरियन मालिका. त्यातली कुठली जास्त जमते यावर आमच्या टेबलावर अजून वाद आहे, आणि तो मिटू नये अशीच माझी इच्छा आहे.

ती माझी आत्या नव्हे. आमच्या सुपरवायझरची सख्खी आत्या. तो भर शिफ्टमध्ये "आत्या, जरा हळू!" असं ओरडायचा, त्यामुळे ती सगळ्या खात्याचीच आत्या झाली. खातं म्हणजे इस्पितळाच्या तळघरातला धुलाई विभाग. एका टोकाला खोलीएवढी धुण्याची यंत्रं, मधे चादरींना इस्त्री करणारा लांबलचक गरम रोलर आणि दुसऱ्या टोकाला आमचं घडीचं टेबल. टेबलाशी आम्ही चौघी: आत्या, मी, दिवसाला जेमतेम सहा शब्द खर्च करणारी मौनी, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेली नवी.

आत मोबाइलला बंदी आहे. एकदा रोलरवाल्याचा फोन चादरीत गुंडाळून यंत्रात गेला, चाळीस मिनिटं उकळत्या पाण्यात फिरला आणि अगदी लखलखीत होऊन बाहेर आला. बोलला मात्र पुन्हा कधी नाही. तेव्हापासून आमची करमणूक आत्याच्या गळ्यात पडली. रोज संध्याकाळी घरी तिनं एक भाग बघायचा आणि सकाळी टेबलावर सांगायचा. बाकीच्यांनी मालिका स्वतः बघायची नाही, अशी शपथच होती. ऐकायची ती आत्याच्या तोंडून.

आणि काय सांगायची! गरम चादर रोलरमधून बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायची, चालत जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा लांब, पुन्हा जवळ. दिवसाला चारशे चादरी. आत्या प्रसंग त्यातच बसवायची. "उंच दार उघडतो," ताण! "समोर ती उभी," चल पुढे! "आणि हा मेला तिला विचारतो, आपण कोण?" इथे माझ्या हातून दोन्ही कोपरे सुटायचे. चादर जमिनीला लागली की परत धुवायला. आमच्यामुळे किती साबण वाया गेला असेल ते इस्पितळाला न कळलेलंच बरं.

मालिका एका दीपगृहाची होती. त्या लोकांची नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही आमची ठेवली. नायक उंच. दीपगृहावर राहणारी ती दिव्यावरची. जहाज कंपनीची मालकीण चेअरमन आजी. आणि कायम लांब कोट घालून कपाळाला आठ्या घालणारी ती कोटवाली.

शिफ्ट संपताना प्रत्येकीनं उद्याचा अंदाज सांगायचा. जिचा खरा ठरेल तिला दुसऱ्या दिवशी उशांचे अभ्रे. म्हणजे खिडकीखालच्या स्टुलावर बसून काम, चारशे चादरींची पायपीट माफ. अंदाजांच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी नम्रपणे नमूद करते. माझं शास्त्रच होतं. पहिल्या भागात जो खोकतो तो दहाव्याच्या पुढे जात नाही. नायकानं एकदा खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधली की लग्नाची खरेदी सुरू करायला हरकत नाही. दुसरा नायक स्वयंपाक चांगला करतो, ऐकून चांगलं घेतो, आणि म्हणूनच हरतो. वळणावर रिकामा रस्ता दाखवला की ट्रक आलाच, आणि ट्रक आला की कोणाची तरी स्मृती गेलीच. कोटवाली ही उंचाची हरवलेली बहीण आहे हे मी चौथ्या भागातच ताडलं होतं. पाचव्यात आत्यानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "निघाली बाई बहीण!" त्या दिवशी मी अभ्र्यांच्या ढिगामागे राणीसारखी बसले होते.

मग एका गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत नवीनं मला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवते."

"मी ही मालिका आधीच पाहिलेली आहे. इथे यायच्या आधी. दोनदा."

"बरं मग?"

"कोटवाली त्याची बहीण नाहीये हो. त्यांचं लग्न ठरलेलं असतं, ते मोडतं, म्हणून रडतात दोघं. आणि तो ट्रक... ट्रकच नाहीये कुठे. आत्या सांगतात त्यातलं निम्मं मालिकेत नाहीच!"

माझं डोकंच फिरलं. खोटं सांगितलं याचा राग नंतर आला. आधी आला तो वेगळाच. माझे अंदाज! माझं शास्त्र! माझी ती राणीची खिडकी! मी नवीला म्हटलं, "कोणाला बोलू नकोस. मी बघते."

रविवारी दुपारी मी आत्याच्या घरी धडकले. दोन खोल्या, चौथा मजला. दार उघडंच होतं. आत्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली होती. पडद्यावर उंच आणि दिव्यावरची बोलत होते, खाली त्यांच्या बोलण्याच्या ओळी भराभर उमटत होत्या. आत्याची नजर एकदाही खाली गेली नाही. ती फक्त त्यांचे चेहरे बघत होती, डोळे बारीक करून, ओठ हलवत.

"खालचं वाचत नाहीस तू," मी दारातूनच म्हटलं.

तिनं दचकून टीव्ही बंद केला. माझा चेहरा बघितला आणि तिला सगळं कळलं.

"चौथीत शाळा सुटली माझी," ती म्हणाली. "वाचते मी. पण बोट ठेवून. ती ओळ माझ्या बोटाखालून पळून जाते गं. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, मग तो काय म्हणाला? मला काय माहीत तो काय म्हणाला! त्याचं तोंड रडवेलं होतं, म्हणून मी काहीतरी सांगितलं. तर मौनीच्या डोळ्यांत पाणी! मग कुठल्या तोंडानं थांबू?"

"आणि माझे अंदाज? ते कसे खरे ठरायचे?"

आत्या पदराशी चाळा करत बसली. "तुमचे अंदाज ऐकायचे. ज्या दिवशी जिला गरज, तिचा खरा करायचा. चादर घडी करताना दिवसातून शंभर वेळा तुझं तोंड माझ्यासमोर येतं, वीतभर अंतरावर. कोण रात्रभर झोपलेली नाही ते मला सांगावं लागतं का?"

मी तोंड उघडलं होतं चांगलं खडसावायला. पण मला तो आठवडा आठवला. माझ्या आईचं ऑपरेशन होतं, ती आमच्याच इस्पितळात चौथ्या मजल्यावर होती आणि मी खाली घड्या घालत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात माझे पाचही अंदाज लागोपाठ खरे ठरले. पाच दिवस अभ्रे, पाच दिवस स्टूल. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं, बघ, माझं डोकं किती चालतं! आई आता ठणठणीत आहे आणि मलाच नावं ठेवते. पण त्या रविवारी आत्याच्या खोलीत मला रडू आवरेना.

रडता रडता मी एक मूर्खपणा केला. नवीनं मालिका पाहिली आहे, हे बोलून गेले.

आत्याचा चेहरा उतरला. "उद्या शेवटचा भाग सांगायचा आहे," ती म्हणाली. "तिच्यासमोर? नाही जमायचं मला. मी भाच्याला सांगते, मला मळक्या कपड्यांकडे टाक."

मळके कपडे म्हणजे भिंतीपलीकडे. तिथे तोंडावर मास्क, हातात जाड मोजे, यंत्रांचा धडधडाट, आणि दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. मी परोपरीनं समजावलं. ती ऐकेना.

सोमवारी आत्या टेबलापाशी आली ती मास्क गळ्यात अडकवूनच. भाच्याशी बोलून झालं होतं, दहा वाजता पलीकडे जायचं होतं. आत्या गेली तर हे टेबल म्हणजे नुसतं टेबल. पहिली चादर आली. ती कोणी धरली नाही. रोलरवाला ओरडला, म्हणून मी आणि नवीनं ती कशीबशी ओढून घेतली.

"सांगून टाकते," आत्या मोठ्यानं म्हणाली. यंत्रांच्या आवाजात मोठ्यानंच बोलावं लागतं, त्यामुळे सगळ्या खात्याला ऐकू गेलं. "मला ते खालचं वाचता येत नाही. मी तुम्हाला मनचं सांगत होते. सगळं. या नवीला खरं माहीत आहे. शेवटचा भाग मी पुरता बघितलाही नाही. शेवट तिलाच विचारा."

नवी लालेलाल झाली. मला तिचा राग यायला हवा होता, पण तिचीच कीव आली.

मौनीनं हातातला अभ्रा खाली ठेवला. "म्हणजे कोटवाली त्याची बहीण नाही?"

"नाही," आत्या म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मालिकाच म्हणते."

"मालिकेला काय कळतंय!" मौनी कडाडली. "माझी पोर वर्षभर फोन करत नव्हती. तू सांगितलंस, आजीच्या मुलीचा फोन आला. तेव्हा मी घरी जाऊन माझ्या पोरीला फोन केला. ते काय मालिकेनं सांगितलं होतं? तू सांग. शेवट तूच सांग!"

मौनीचा महिन्याभराचा साठा एका दमात संपला. रोलरवाल्यानं रोलर थांबवला आणि टाळ्या वाजवल्या, बिचाऱ्याला काय चाललंय ते ठाऊक नव्हतं तरी. मी हसायला लागले, नवी हसायला लागली, आत्या हसत होती की रडत होती देव जाणे. गरम चादरींचा ढीग साचत चालला होता.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत आम्ही रोज अंदाज सांगितले, पण आत्याला कोणी कधी विचारलंच नाही.

"आत्या," मी म्हटलं, "आज अंदाज तुझा. तुला कसा शेवट हवाय?"

"माझा कसला अंदाज? मी सांगणारी."

"तरी पण."

तिनं चादरीचा कोपरा बोटांनी सरळ केला. "ती चेअरमन आजी आहे ना," ती म्हणाली, "एवढ्या लांबलचक टेबलाशी रोज एकटीच जेवते. शेवटी कोणीतरी ताट घेऊन तिच्यासमोर बसावं. उंचाचं काय व्हायचं ते होवो."

आत्याच्या घरी दुसरं कोणी नाही हे आम्हाला माहीत होतं. तिला त्याचं काही वाटत असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आणि मौनीनं एकदम नवीकडे बघितलं. खरा शेवट आमच्यात तिला एकटीलाच ठाऊक होता.

नवीनं पुढे होऊन आत्याच्या गळ्यातला मास्क काढून घेतला आणि चादरीचे दोन कोपरे तिच्या हातात दिले.

"तसाच आहे शेवट," ती म्हणाली. "चौघी येतात जेवायला. मी दोनदा पाहिलंय."