आंबलेल्या पेजेचं व्होल्टेज

डिंपल कापगतेला चार शब्द सुनावले नाहीत असा माणूस आमच्या लाखनीच्या कॉलेजात सापडायचा नाही, आणि तिनं ते मुकाट्यानं ऐकून घेतले असंही कधी झालं नाही. दिघोरीच्या शेतकऱ्याची ही मुलगी बारावीला फिजिक्स शिकवायची, तेही तासिकेवर. दर उन्हाळ्यात प्राचार्यांच्या मनात आलं तरच पुढचं वर्ष. अशा बाईनं जरा जपून राहावं, असं मी केमिस्ट्रीची जुनी मास्तरीण म्हणून तिला कितीदा समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

खटका उडाला तो पोटेन्शिओमीटरवरून. लाकडी पाटीवर ताणलेली लांब तार, तिच्यावर जॉकी, म्हणजे हातात धरायचं धातूचं टोक, टेकवत सरकायचं, आणि जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर थांबला की तिथली लांबी घ्यायची. एकदा माहीत असलेल्या सेलची, एकदा अनोळखी सेलची. दोन लांब्यांची तुलना केली की अनोळखी सेलचं व्होल्टेज निघतं.

आमच्याकडे रीत उलटी. अनोळखी म्हणून दरवर्षी तोच एक सेल ठेवलेला, त्याचं उत्तर पुस्तकात छापलेलं. पोरं त्या उत्तरावरून मागं मागं गणित करत जायची आणि लांबी ठोकून द्यायची. कधी कधी तर बॅटरी जोडलेलीच नसायची, पण रीडिंग दशांशापर्यंत अचूक! आणि निकाल उत्तम म्हणून सत्कार व्हायचे. चीड येते मला अजून.

सराव परीक्षेच्या दिवशी डिंपलनं खोक्याखाली झाकून एक काचेची बरणी ठेवली. आत घरची आंबलेली भाताची पेज, तिच्यात एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची. बाहेर फक्त दोन तारा.

"अगं, हा कसला सेल?" मी विचारलं.

"अशक्त हाये, ताई. व्होल्टमीटर लावला तर तोच याची ताकद ओढते अन् कमी दाखवते. पोटेन्शिओमीटर शून्यावर आला का सेलकडून काहीच घेत नाही. म्हणून तर मले हे यंत्र आवडते."

व्हायचं तेच झालं. पूर्ण वर्गानं पुस्तकातलं उत्तर लिहिलं. डिंपलनं खोकं उचलून बरणी दाखवली आणि सगळ्यांना शून्य दिलं. पोरं ओरडत ऑफिसात गेली, आणि प्राचार्य चंद्रकुमार सर तणतणत प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, ही प्रयोगशाळा आहे का स्वयंपाकघर?"

"प्रश्नात अनोळखी सेल लिहिलं हाये, सर. मी अनोळखी देला."

"सगळ्यांना मार्क देऊन टाका. नाहीतर पुढच्या वर्षी या कॉलेजात दिसू नका."

तिच्या घरात पगार आणणारी ती एकटीच. मी डोळ्यांनी खुणावलं, बाई, गप बस.

"न मोजल्याचे मार्क मी देणार नाही," ती म्हणाली. "ज्याले मोजायचं हाये, त्यानं आत्ता मोजावं."

कोणी हलेना. मग रिता नावाची एक मुलगी उठली. तिनं जॉकी टेकवला, तर काटा जिथं तिथं एकाच बाजूला पळायचा. पोरं हसली. डिंपल जागची हलली नाही. रितानं तारा निरखल्या, उलट्या लागलेल्या सेलची टोकं बदलली आणि पुन्हा सुरुवात केली. काटा इकडे गेला, तिकडे गेला, आणि थांबला. तिनं लांबी घेतली, गणित केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"बरोबर आहे, सर?"

सर डिंपलकडे वळले. "काय आहे याचं खरं उत्तर?"

"मले कायचं माहीत? मी मुद्दामच मोजलं नाही. या कॉलेजात आत्ता ते फक्त रिताले माहीत हाये."

सरांचा चेहरा लाल झाला. "पुढच्या वर्षी येऊ नका तुम्ही."

"नाही येणार. पन आजचा तास अजून माझा हाये, सर."

मग तिनं खोकं बाजूला सारलं आणि वर्गाकडे पाहिलं.

"चला. आता कोन मोजते?"

मागच्या बाकावरची दोघं उठून तारेकडे आली. सर टेबलासमोरच उभे होते, त्यांना वाट द्यावी लागली.