डंक बंद झाला तेव्हा

आमच्या पहिल्या मेळाव्याला दोनच बायका आल्या, आणि त्याही वाण काय मिळणार हे विचारायला. कोल्हापुरात साध्या वाढदिवसालाही चौकात डिजिटल बोर्ड लागतो, म्हणून आम्हीही राजारामपुरीत भलामोठा बोर्ड लावला होता: ‘नवऱ्याचा मार सहन करू नका, आमच्याकडे या.’ खाली हॉलकडे दाखवणारा बाणसुद्धा! आता भर चौकातून त्या बाणामागं जाणार कोण? जी जाईल तिच्या घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. शाळेतून निवृत्त झालेल्या आम्ही मैत्रिणी रिकाम्या खुर्च्यांसमोर चहा पीत बसलो. मी वैतागून म्हणाले, “बायका जिथं आपणहून येतात, तिथं आपण जाऊ या.”

उन्हाळ्यात बायका डंकावर येतात. वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजायच्या, मसाला तळायचा आणि ते सगळं कुटून आणायला पत्र्याच्या शेडमध्ये नंबर लावायचा, ही आमच्याकडची रीत. विजेवर चालणारी डंकाची लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात, त्यामुळं शेजारणीच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलताच येत नाही. ठसक्याच्या भीतीनं पुरुष फिरकत नाहीत. आणि सगळ्यांचेच डोळे वाहत असल्यामुळं कुणी कुणाला ‘का रडतेस’ म्हणून विचारत नाही. आम्हाला यापेक्षा चांगला हॉल कुठला मिळणार होता?

ती तिथंच भेटली. तिशीतली, ब्लाउज शिवून देणारी. ओळख झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाई, नवरा मारतोय आणि घराबाहेर काढतोय.” सगळे म्हणतात तेच मीही म्हणाले, की माहेरी जा. माहेर पन्हाळ्याकडं होतं. माहेरचं नाव काढताच ती उसळली.

“म्हायेरी कशाला जाऊ? घर माझं बी हाय की! मला तितंच ऱ्हायाचंय, मार न खाता.”

मला ती तेव्हाच आवडली. त्या घरात राहण्याचा तुला हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, वकील फुकट मिळतो, हे मी तिच्या कानात ओरडून सांगितलं. ती म्हणाली, “पण साक्ष कोण देणार? त्यो घरात मारतोय. बघणारी एकच हाय.” तिनं पलीकडं नजर टाकली. तिथं तिची सासू मिरच्यांचं पातेलं मांडीशी धरून बसली होती. चटणीचं प्रमाण सासूच्या हातात, म्हणून दोघी बरोबर आलेल्या. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात नवराच आला. बायको आमच्याशी बोलत बसते हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. सरळ तिचं मनगट धरून ओरडला, “चल घरी! हितं बसून माझी बदनामी करतीस व्हय?”

बायका उठून उभ्या राहिल्या. मी मधे पडले तर माझ्यावरच खेकसला, “मी हिला कवा हात लावलाय? इचारा की माझ्या आईला!”

सासू उठली. तिचे ओठ हलले, पण डंकाच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. डंकवालीनं हात लांब करून खटका खाली ओढला. ती शेड इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

“मारतोस तू,” सासू पुन्हा म्हणाली. “मी रोज बघतीया. सोड तिचा हात.”

“आई, तू…” एवढंच तो म्हणाला आणि रुमाल बाजूला झाल्यामुळं त्याला असा ठसका लागला की बोलणंच खुंटलं. मनगट आपोआप सुटलं. कोपऱ्यातली एक म्हातारी अगदी मायेनं म्हणाली, “पावणं, पाणी देऊ का?” शेडभर हशा पिकला. तो गेला, आणि मला इतका आनंद झाला की मी भर शेडमध्ये टाळ्या वाजवल्या. लाज वगैरे काही वाटली नाही.

पुढं तक्रार झाली, तारखा पडत राहिल्या, आणि प्रत्येक तारखेला सासू सुनेबरोबर हजर. कोर्टात न्यायाधीशांनी तिला विचारलं, आजी, तुम्ही पोटच्या मुलाविरुद्ध बोलताय, कळतंय ना?

“कळतंय की, सायेब,” ती म्हणाली. “मी मार खायाची, तवा माझी सासू भिताडाकडं तोंड करून बसायची. मी बी इतकी वर्सं तसंच केलं. आता न्हाय.”

आमची सगळी भाषणं त्या एका उत्तरापुढं फिकी होती.

आदेश आमच्या बाजूनं झाला. सून त्याच घरात राहणार, आणि नवऱ्यानं त्या घरात पाऊल टाकायचं नाही, तिला त्रास द्यायचा नाही. तो जयसिंगपूरला चुलतभावाकडं राहायला गेला. आदेश हातात पडला त्या दिवशी आम्ही तिघी कोर्टाबाहेर एका रिक्षात दाटीवाटीनं बसलो.

“कुठं जायाचं, मावशी?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“माझ्या घरी,” सून पटकन म्हणाली.

“आमच्या म्हण की गं,” सासूनं तिला कोपरानं ढोसलं, आणि रिक्षावाल्याला गल्लीचा नंबर सांगितला.