शिमोनाची माणसं

शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतला सावळीराम सुतार म्हणजे ताकही फुंकून पिणारा गडी. सख्खा भाऊ गेणू वाटणीत गंडवील म्हणून त्यानं आधीच तोडला. लेक नेहमी हसतमुख असायची, तर ही काहीतरी लपवते म्हणे. बिचारी माहेराला मुकली.

एका रविवारी उपासनेत बायबलातलं गणनेचं पुस्तक वाचलं गेलं. रानात इस्राएलाची पहिली मोजणी झाली तेव्हा शिमोनाच्या वंशात एकोणसाठ हजार तीनशे पुरुष होते. दुसऱ्या मोजणीत उरले बावीस हजार दोनशे. शेजारच्या मनश्शेच्या वंशाचे मात्र बत्तीस हजारांचे बावन्न हजार झालेले. पाळक म्हणाले, पापामुळं मरी आली. सावळीरामला ते पटेना.

"मेली कसली? फुटली," घरी येऊन तो बायकोला, साळूबाईला म्हणाला. "शेजारच्या वंशात जाऊन बसली. आपला चंदर बी तसाच फुटलाय बघ."

चंदर त्यांचा एकुलता मुलगा, मनमाडला रेल्वेत कामाला. तो गुपचूप जुन्या जातीत परत गेला, असं बापानं तोंडावर म्हटल्यापासून घरी फिरकला नव्हता. एकतीस सालची खानेसुमारी आली, तसा सावळीरामनं सांगावा धाडला: मोजणीला ये, तुझं नाव आपल्या घरात, आपल्या धर्मात लागू दे. साळूबाईला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पोराचं तोंड बघायचं होतं.

चंदर आला. मोजणीचा कारकून ओट्यावर दौत मांडून बसलाच होता. चंदरनं आईच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. सावळीरामनं तो मधेच उचलून हुंगला.

"कुठल्या देवाचा परसाद हाय ह्यो?"

चंदरचा चेहरा उतरला. "परसाद नाय, बा. मला पोरगा झालाय," तो म्हणाला आणि पायरी उतरून चालू लागला.

आता तरी त्याला हाक मारायची की नाही? पण हा बाबा पुड्याच्या दोऱ्याला कुंकू लागलंय का ते बघत उभा. असल्या माणसाची कीव यावी की चीड, तेच कळत नाही.

"तीन माणसं लिहू ना?" कारकुनानं विचारलं.

साळूबाईनं खुंटीवरचं लुगडं काढून पिशवीत कोंबलं.

"एक लिवा," ती म्हणाली. "मला मनमाडला लिवतील."