हरवलेले दहा ठोके

"ए हो… दमानं, दमानं!" असं स्वतःच्याच मनगटाला दटावत ते दवाखान्यात शिरायचे. दोन बोटं नाडीवर, मान वाकडी आणि जिभेचा टक्‌ टक्‌ आवाज. नवख्या पेशंटांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या बाहीत एखादं जनावर आहे. तसं जनावर होतंच. फक्त ते बाहीत नव्हतं, छातीत होतं.

मी भोरला एका हृदयाच्या दवाखान्यात पट्टी काढतो, म्हणजे ईसीजी. शूर माणसांची हृदयं कागदावर लटपटताना पाहिली, भित्र्यांची घोड्यासारखी दौडताना पाहिली. पण हृदयाला खोंड समजून चुचकारणारा माणूस मी एकच पाहिला. आपण त्यांना नुसतं बाबा म्हणू. डोंगरातल्या पासली गावचे, भातशेतीवाले. दिवाळीच्या सुमाराला औत हाकताना त्यांना झटका आला, आणि भोरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं त्यांना आमच्याकडे आणलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाबा, रोज चालायचं. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं. पण सपाटीवर हं. चढ चढायचा नाही."

बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "डाक्तर पासलीला कवा आल्यालं दिसत न्हाईत."

पासलीत सपाट म्हणावी अशी त्यांच्याकडे एकच जागा होती, ती म्हणजे घरामागचं खळं. भाताची मळणी करायची ती गोल जागा. मधोमध एक खांब असतो, त्याला तिवडा म्हणतात, आणि त्याच्याभोवती बैल फिरतात. आता बाबा फिरू लागले. पण चालता चालता त्यांची पावलं डोंगराकडे वळायची, म्हणून त्यांच्या कारभारणीनं एक दोर त्यांच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक सैल कडी करून तिवड्यात अडकवलं. डॉक्टरांचा सल्ला इतक्या काटेकोरपणे पाळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी गोठ्यातले दोन्ही बैल आपणहून त्यांच्या मागे फिरू लागले. आठवड्यानं शेजारीण भाताच्या पेंढ्या घेऊन आली. "भावजी, रिकामं कशापायी फिरताय? पायाखाली एवढं भात तरी मळून टाका."

ही सगळी हकिगत कारभारणीनं डॉक्टरांपुढे तक्रार म्हणून मांडली. वर म्हणाली, "मळताना बैलाला मुसकं घालत्यात, धान खाऊ नये म्हणून. ह्यास्नीबी एक लिहून द्या. तंबाकू तरी सुटंल."

डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

फाल्गुनात एके सकाळी बाबा कारभारणीला घेऊन, तीन गाड्या बदलून धापा टाकत आले. चेहरा असा, की घरात चोरी झाली असावी. झालीच होती म्हणे.

"पट्टीवाले, दहा ठोकं हारावलं!"

"कसले ठोके?"

"काळजाचं. पौषात सकाळी उठल्यावर मोजलं तवा अठ्ठ्याहत्तर हुतं. आज अडुसट. चार येळा मोजलं. दहा गेलं कुठं?"

ज्यानं आयुष्यभर संध्याकाळी दारात उभं राहून गुरं मोजली, त्याला मोजणीत कमी भरलं म्हणजे हरवलं, एवढंच ठाऊक असतं. कारभारीण गंभीरपणे म्हणाली, "रानात न्हाईत. म्या बघितलंय." ती काय बघायला गेली होती, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी हसू आवरून समजावलं. "थोडे गोळीमुळे कमी झाले बाबा, थोडे चालण्यामुळे. हृदय तयार होतंय. आता एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय, म्हणून कमी ठोक्यांत भागतं."

बाबांनी पुन्हा नाडीवर दोन बोटं ठेवली. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी खोंड हुतं तवर नुसतं उड्या मारीत हुतं. आता बैल झालं. बैल कमी पावलांत तेवढंच रान वढतो."

मी हे वाक्य त्या दिवसापासून पेशंटांना ऐकवतो, आणि माझंच असल्यासारखं ऐकवतो.

गोष्ट नुसती चालण्याची नव्हती. मुलानं ठरवलं होतं, यंदा लावणीच्या आधी बैल विकायचे. वाईट नव्हता तो, घाबरला होता. बाबा मात्र एकच सांगायचे. "मी पडलो तवा बैलांच्या पायाशी पडलो. त्यांनी पाऊल न्हाई टाकलं. मी टाकू व्हय त्यास्नी?" शेवटी बापलेकांत ठरलं की दवाखान्यातल्या चालत्या पट्ट्यावरच्या तपासणीत, म्हणजे स्ट्रेस टेस्टमध्ये, बाबा पास झाले तर बैल राहतील, नाहीतर जातील.

तपासणीच्या दिवशी मुलानं पासलीहून बैल विकायला न्यायचा टेम्पोही सोबतच आणला. दवाखान्याच्या दारात उभा केला. इतकी त्याची खात्री.

मी बाबांच्या छातीला तारा चिकटवल्या. पट्टा सुरू झाला. बाबा झकास चालले, आणि दुसऱ्याच मिनिटाला डावीकडे वळले. एक पाय पट्ट्याबाहेर! मी यंत्र थांबवलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा डावीकडे. सात महिने तिवडा डाव्या हाताला ठेवून फिरलेला माणूस. सरळ चालणं पाय विसरले होते. तिसऱ्यांदाही तेच झालं. मुलानं बैलांच्या व्यापाऱ्याला लावायला खिशातून मोबाईल काढला.

 तेवढ्यात कारभारीण पुढे आली. चपला काढल्या, पदर खोचला आणि उजवीकडून नवऱ्याचा दंड धरला.

"चला. मी हाय हिकडं."

पट्टा फिरला. बाबा डावीकडे झुकले की ती ओढायची. वेग वाढला, चढ वाढला. तिलाच धाप लागली, पण हात सुटला नाही. पडद्यावर ठोके चढत गेले, शहाण्यासारखे, एकापाठोपाठ एक. पट्टा थांबल्यावर तसेच खाली आले. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला.

"हृदय पास आहे. पायांचं मी काही सांगू शकत नाही. पण दम लागला की थांबायचं, आणि लावणीआधीच्या चिखलणीला मुलानं सोबत राहायचं."

 मुलानं मोबाईल खिशात ठेवला, आईच्या चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या आणि बाहेर तोंड धुवायला गेला.

टेम्पोवाला हट्टी निघाला. "माझं पासलीला जायचं ठरलंय. मी जाणार." मग काय, त्याच टेम्पोतून दोघं घरी निघाली. मागं बैलांसाठी पेंढा पसरलेला होता. कारभारीण त्यावर ऐसपैस मांडी घालून बसली. बाबा लोखंडी दांडा धरून, तोंड वाऱ्याकडं करून उभे राहिले.

"बाबा, बसा की," मी पायरीवरून ओरडलो.

"बैल बसत्यात व्हय टेम्पोत?" त्यांनी विचारलं, आणि टेम्पो सुटला.