मामांचा वर केलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — म्हणून कदाचित जमेल.

काष्टीला माझ्याकडे लग्नात भाड्याने द्यायच्या दोन गाड्या आहेत. दोन्ही शेवरले, दोन्ही जुन्या. थोरली इम्पाला, साठच्या दशकातली. पुढे एवढं लांब बॉनेट, की त्यावर पंगत बसेल. धाकटी ऑप्ट्रा, चाळीसेक वर्षांनी लहान. हिचं नाक आखूड, समोरची जमीन दिसते. इम्पालातून दिसतं ते फक्त बॉनेट. हा फरक त्या दिवशी मी विसरलो. विसरलो? नाही — घाई होती मला.

आमच्याकडे नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या वाजतगाजत मिरवणुकीला, निघाला की गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. ते काम माझ्या सख्ख्या मामांचं, सोपानमामांचं. ते वाकून लिंबू ठेवणार, बाजूला होणार, उजवा हात वर करणार, मगच गाडी हलवायची. त्या दुपारी बँडवाले खोळंबलेले, मागून नवरदेवाचा भाऊ सारखा माझ्या खांद्यावर थापा मारतोय. मामा इम्पालाच्या बॉनेटपलीकडे वाकले ते दिसेनासेच झाले. मी वैतागलो. आणि — सोडली गाडी.

हात वर झालाच नव्हता. चाक त्यांच्या पंजावरून गेलं.

लोक धावत आले तेव्हा, कुणी काही विचारायच्या आधीच, मी म्हणालो, "मामांनी हात केला होता." इतकं सहज कसं सुचलं मला? सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारं माणूस, व्हायचंच.

मामांनाही ते पटलं. पंजा काढावा लागला. पुढे सहा वर्षं डाव्या हाताने जेवायची लाज वाटून ते पंगतीत कडेला बसायचे. आणि मलाच म्हणायचे, "मीच हात केला आसंल रं. आता ध्यानात राहत न्हाई. तुला उगं घोर लावला." मी भित्रा माणूस. एकदाही 'नाही मामा' म्हणालो नाही.

मागच्या थंडीत ते गेले. जायच्या आधी थोटा हात माझ्या हातावर ठेवून त्यांनी माझी माफी मागितली. मी ती घेतली.

इम्पाला आता शेडमध्ये झाकून असते. ऑप्ट्रा चालवतो. मामा गेल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात, श्रीगोंद्याला, भर दुपारी, लिंबू मी स्वतः ठेवलं आणि आत येऊन बसलो. समोर कुणी नव्हतं, जमीन स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात बॉनेटच्या कडेपलीकडून एक हात वर आला. उजवा. पाची बोटं धड. जा, म्हणून.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात येतो. मागे बसलेल्यांना दिसत नाही. मामांनी तो कधीच केला नव्हता — तो मी केलेला हात आहे.

तो वर होतो. मी बघतो, आणि गाडी सोडतो.